वेदीवरचं दान थांबवा, आधी मनमाडला जा

ताई, सलाम.

आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. मिस्टर सातपूरला कंपनीत आहेत, मी खासगी शाळेत शिकवते, मुलगी दहावीला आहे. नाशिकरोडला सासऱ्यांचं जुनं घर होतं. सासरे आधीच गेले होते, सासूबाई सहा वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या स्मरणसभेच्या दिवशी ह्यांनी मोठ्या बहिणीला सगळ्यांसमोर शब्द दिला की घर विकलं की अर्धी रक्कम तुझी. घर एकाच्याच नावावर असलं की विकायला सोपं जातं म्हणून नणंदेने हक्कसोडपत्रावर सही केली. तीन वर्षांपूर्वी घर ४६ लाखांना गेलं. तीन लाख तिला लगेच दिले, उरलेले वीस आमच्याच ठेवीत आहेत. ‘ठेवीची मुदत संपली की देतो’ असं म्हणता म्हणता दिवस गेले. ती मनमाडला एकटी असते, नवरा वारला, मुलगा नुकता कमवायला लागलाय. ती कधीच मागत नाही. फोन केला की आमच्या मुलीच्या अभ्यासाचंच विचारते.

आता गंगापूर रोडला तीन बेडरूमचा फ्लॅट पाहिलाय. महिनाअखेरपर्यंत बुकिंग केलं तर बिल्डर मोठी सवलत देतोय. हे म्हणतात, देवानेच दार उघडलं. ते वीस लाख घातले तर कर्ज थोडंच घ्यावं लागेल, ताईचं पुढे बघू. त्यातलेच दोन लाख चर्चच्या छपराच्या कामाला द्यायचं ठरवलंय, पाळकसाहेबांना तसं सांगूनही झालं. सहा महिने आम्ही दोघं प्रार्थना करतोय. ह्यांच्या मनाला शांती आहे, मला नाही. देव मला स्पष्ट काही सांगतच नाही. मी पतीच्या अधीन राहून गप्प बसू का? आणि एक, हल्ली रविवारी उपासनेला जाणं होत नाही, मोबाईलवरच बघतो. ते चुकतंय का?

एक भगिनी, नाशिक

*

प्रिय भगिनी, सलाम.

रविवारच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते, ते दोन ओळींचं आहे. पैशांच्या प्रश्नाला मात्र वेळ द्यायला हवा. तुमच्याकडे महिनाअखेरपर्यंतचेच दिवस आहेत, म्हणून आधीच सरळ सांगते: ते वीस लाख तुमच्या नणंदेचे आहेत. ते फ्लॅटमध्ये घालू नका, चर्चला देऊ नका, तिला नेऊन द्या.

तुम्ही लिहिता, देव स्पष्ट काही सांगत नाही. भगिनी, पंधरावं स्तोत्र काढून वाचा. परमेश्वराच्या मंडपात कोण राहील, असं विचारून दावीद जी यादी देतो, तिच्यात एक माणूस असा आहे की ज्याने शपथ वाहिली आणि पुढे त्यात त्याचं नुकसान होणार असं दिसलं, तरी तो शब्द फिरवत नाही. स्मरणसभेच्या दिवशी, मंडळीच्या लोकांसमोर, आईच्या फोटोपुढे तुमच्या पतीने दिलेला शब्द हा तसाच होता. म्हणजे उत्तर तुम्ही विचारायच्या आधीच आलेलं आहे. गेले सहा महिने तुम्ही दोघं कदाचित दुसऱ्या उत्तराची वाट बघत आहात.

असं बलाम नावाच्या संदेष्ट्याने केलं होतं. इस्राएल लोकांना शाप द्यायला चल, असं सांगत बालाक राजाची माणसं पहिल्यांदा आली तेव्हा देवाने त्याला सांगितलं, यांच्याबरोबर जाऊ नकोस. मग बालाकाने आणखी मोठे सरदार आणि आणखी मोठ्या मानाचं आमिष पाठवलं. बलाम तोंडाने फार चांगलं बोलला, की घरभर सोनंरुपं दिलं तरी मी परमेश्वराच्या शब्दाबाहेर जाणार नाही. पण लगेच म्हणाला, आजची रात्र राहा, परमेश्वर आणखी काय सांगतो ते बघू. त्या ‘आणखी’ची काही गरज नव्हती. आणि त्या रात्री त्याला जायची मुभा मिळाली! गणनाच्या पुस्तकातला हा भाग मी जेव्हा वाचते तेव्हा मला भीती वाटते. माणूस हट्टाने पुन्हा पुन्हा विचारत राहिला की कधी कधी त्याला हवं तेच ऐकू येतं, आणि वाटेवर मात्र देवदूत उपसलेली तलवार घेऊन उभा असतो. तुमच्या पतीच्या मनाला जी शांती आहे, ती खोटी आहे असं मी इथे बसून म्हणू शकत नाही, त्यांचं मन मी पाहिलेलं नाही. पण सहा महिन्यांनी आलेल्या शांतीवर सहा वर्षांपूर्वीचा शब्द मोडता येत नाही, एवढं नक्की सांगते.

दार उघडण्याबद्दलही बोलते, कारण हे वाक्य आपल्या मंडळ्यांमध्ये फार सहज वापरलं जातं. योना संदेष्ट्याला देवाने निनवेला जायला सांगितलं होतं. तो याफोला उतरला तर बंदरात उलट्या दिशेला, तार्शीशला जाणारं जहाज तयार उभं, आणि भाड्याचे पैसेही त्याच्याजवळ होते. याहून उघडं दार कोणतं असेल? सगळं जुळून आलं म्हणजे देवाची इच्छा, असं मानलं तर योना चुकला असं कुणीच म्हणू शकणार नाही. बिल्डरची महिनाअखेरची सवलत ही बिल्डरची सवलत आहे. ती पुढच्या महिन्यात दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या नावाने पुन्हा निघेल.

आता हक्काचं. ‘ती मागत नाही’ हा तुमच्या घरातला सगळ्यात जड मुद्दा आहे असं पत्रावरून दिसतं. आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. त्यात बाप मृत्युपत्र न करता गेला तर एक तृतीयांश पत्नीला आणि उरलेलं मुलांना सारखं वाटून मिळतं. मुलगा-मुलगी हा भेद त्यात नाही, लग्न झालेली-न झालेली हाही नाही. आईमागे तिचा वाटाही दोघांत सारखाच. सासूसासऱ्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्या घराचा अर्धा भाग तुमच्या नणंदेचाच होता. भावाने मोठ्या मनाने देऊ केलेली ती भेट नव्हती. तिने सही केली ती घर विकायला सोपं जावं म्हणून, भावावर विश्वास ठेवून. आणि त्या सहीमुळेच आज तिच्या हातात कागद उरलेला नाही. ती कोर्टात गेली तर वकील तिला पहिला प्रश्न हक्कसोडपत्राचाच विचारेल. म्हणजे जिने तुमची सोय पाहिली, तिची त्याच सोयीमुळे अडवणूक झाली. पैसे मागायला तिच्याकडे फक्त तोंड आहे, आणि भावाकडे तोंड उघडून पैसे मागणं मोठ्या बहिणीला किती जड जातं हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्हीही कुणाची तरी बहीण असालच.

तुम्हाला हे द्यायला भाग पाडेल असं पृथ्वीवर आता कुणी नाही. त्यामुळेच हा आज्ञापालनाचा प्रश्न झाला आहे. कोर्टाचा हुकूम असता तर तुम्ही दिलेच असते, त्यात देवाचं ऐकलं असं काही म्हणता आलं नसतं.

नाशिकच्या माणसाला या बाबतीत दूर बघायची गरज नाही. शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीच्या लोकांनी गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना आसरा दिला होता, तिथे त्यांना शिकवलं होतं. त्यातला एक जेकब वेनराईट. आफ्रिकेत फिरणारे मिशनरी डॉ. लिव्हिंगस्टन यांना मदत म्हणून आफ्रिकेत पाठवलेल्या शरणपूरच्या तरुणांमध्ये तो होता. १ मे १८७३ ला, आजच्या झांबियात, लिव्हिंगस्टन वारला. मालक गेला, पगार देणारा गेला, विचारणारं कुणी उरलं नाही. तिथेच पुरून परत फिरले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्याचे आफ्रिकन सोबती सुसी आणि चुमा, आणि या तरुणांनी त्याचं हृदय झाडाखाली पुरलं, वेनराईटने दफनविधीची प्रार्थना वाचली, आणि देह वाळवून, गुंडाळून, दीड हजार किलोमीटरच्या वर चालत समुद्रापर्यंत नेला. वाटेत, आजच्या टांझानियातल्या उन्यान्येंबेला कॅमेरून नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. त्याने सुचवलं की इथेच पुरा, पुढचा रस्ता धोक्याचा आहे. ते नाही म्हणाले. १८७४ च्या फेब्रुवारीत ते किनाऱ्याला पोचले, आणि एप्रिलमध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत जेव्हा दफन झालं तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत वेनराईट होता. आपण शरणपूर रोडवरून रोज गाडीने जातो आणि हे विसरतो. ज्यांचं लहानपण गुलामीत गेलं त्या मुलांनी, ज्याचा जाब कुणीही विचारला नसता असं ओझं, सोयीचा सल्ला मिळूनही खाली ठेवलं नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या पतीला सांगा. आपल्यापैकी अनेकांच्या पणजोबा-खापरपणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घराचा उंबरा आणि वडिलोपार्जित वाटा दोन्ही त्यांच्या हातून गेले. धर्म बदलला किंवा जातीबाहेर पडलं म्हणून कुणाचा वारसाहक्क जाऊ नये, असा कायदा सरकारला १८५० मध्ये मुद्दाम करावा लागला, त्या वर्षीचा एकविसावा. कायदा आला तरी घरातून काढलेल्या माणसाला भाऊबंदांविरुद्ध उभं राहून जमीन मागणं सोपं नव्हतं. देवाचं ऐकलं म्हणून ज्यांचा वाटा बुडाला, त्यांची आपण लेकरं. आपल्याच घरात, आपल्याच हाताने, बहिणीचा वाटा बुडावा? मला हे लिहितानाही त्रास होतो.

आता दोन लाखांच्या देणगीबद्दल. तुमच्या पत्रातली ही एकच ओळ मी सगळ्यात जास्त वेळा वाचली.

अमालेकांवर चाल करून जाण्याआधी देवाने शौल राजाला काय सांगितलं होतं? सगळं नष्ट कर, गुरंढोरंही ठेवू नकोस. त्याने निकस ते मारलं आणि धष्टपुष्ट मेंढरं-बैल राखून ठेवले. शमुवेल संदेष्टा भेटायला आला तेव्हा शौल स्वतःहून पुढे होऊन म्हणाला, मी परमेश्वराची आज्ञा पाळली आहे. तो तोंडदेखलं बोलत होता असं मला वाटत नाही. त्याला खरंच तसं वाटत असावं. शमुवेलाने विचारलं, मग हे मेंढरांचं बेंबें कसलं ऐकू येतंय? तेव्हा शौलाचं उत्तर तयार होतं: ती देवाला यज्ञ करायला राखली आहेत. आणि राखली कुणी, तर लोकांनी. त्यावर शमुवेल जे बोलला ते आपल्याकडे भिंतीवरच्या पाट्यांवर लिहिलेलं असतं, की यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं. पाटी वाचताना आपण विसरतो की हे वाक्य देवाला काहीच न देणाऱ्या माणसाला सांगितलेलं नाही. ते भरपूर द्यायला निघालेल्या माणसाला सांगितलेलं आहे.

तुमच्या ठेवीतून मला ती मेंढरं ऐकू येतात. त्या वीस लाखांत छपराचे दोन लाख घातले की अठरा लाखांचं मन हलकं होतं. हे तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मन हे आपल्या नकळत करतं, आणि धार्मिक माणसाचं मन ते जास्त सफाईने करतं. प्रभू येशू मार्कच्या सातव्या अध्यायात परूश्यांवर कशासाठी रागावला? आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेलं आहे असं जाहीर करायचं आणि त्यांना रिकाम्या हाताने पाठवायचं, यासाठी. मंदिराला दान देऊन घरातल्या माणसाचा हक्क बुडवणं त्याला किती लागत होतं ते तिथे दिसतं. डोंगरावरच्या प्रवचनात तर त्याने क्रमच लावून दिला. वेदीजवळ दान आणलं आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन दान वाहा. त्या काळी गालीलातून यरुशलेमला जायला चालत काही दिवस लागत. तेवढं चालून वेदीपर्यंत पोचलेल्या माणसाला तो परत जायला सांगतो. तुम्हाला तर नाशिकरोडहून मनमाडची गाडी आहे, तास-सव्वा तासाची.

म्हणून पहिलं काम हे करा: पाळकसाहेबांना भेटून सांगा की ते दोन लाख आम्हाला देता येणार नाहीत, ते आमचे नव्हते. हे वाक्य तोंडातून काढणं तुम्हाला सगळ्यात कठीण जाईल, फ्लॅट सोडण्याहून कठीण. कदाचित आभारप्रदर्शनात तुमचं नाव घेऊनही झालं असेल. तरी सांगा. चांगला पाळक असेल तर तो तुमच्याबरोबर प्रार्थना करेल आणि छपरासाठी दुसरीकडे बघेल. पुढे तुमच्या पगारातून जमेल ते पाच हजार द्या, त्या छपराखाली तुम्हाला मोकळा श्वास घेता येईल.

अधीनतेचा प्रश्न तुम्ही प्रामाणिकपणे विचारला आहे, म्हणून त्याला वळसा घालत नाही. पत्नीने पतीच्या अधीन असावं असं शास्त्रात आहे. कलस्सैकरांस लिहिताना पौल त्याला जोड देतो, प्रभूमध्ये योग्य असेल तसं. त्या जोडीला अर्थ आहे हे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात दिसतं. हनन्या आणि त्याची बायको सप्पीरा यांनी जमीन विकली, काही भाग मागे ठेवला आणि सगळं दिलं असं दाखवलं. पेत्राने तीन तासांनी आत आलेल्या सप्पीरेला वेगळं विचारलं, एवढ्यालाच जमीन विकली का? नवरा तोवर तिथेच मरून पडला होता, हे तिला ठाऊक नव्हतं. तिला तिचं स्वतःचं उत्तर द्यायची संधी मिळाली होती. ‘मी नवऱ्याच्या अधीन होते’ हे तिला वाचवू शकलं नाही. तुमच्या घरावर तसा कोप येईल असं सांगून मी तुम्हाला घाबरवत नाही. तुम्हालाही वेगळं विचारलं जाईल, एवढंच सांगते. आणि तुमच्या मनाला शांती नाही ती त्याच विचारण्याची सुरुवात असावी.

गोदेकाठच्या जलालपूरची लेक, लक्ष्मीबाई टिळक, आठवा. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्या नवऱ्याच्या मागोमाग लगेच गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, भांडल्या, रडल्या, विचार केला, आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा संसार त्यामुळे मोडला नाही, पुढे तो जास्त घट्ट झाला. पत्नीचं देवापुढे स्वतःचं मन असणं म्हणजे नवऱ्याचा अपमान नव्हे.

बोलायचं कसं? मुलगी क्लासला गेलेली असताना, जेवणं झाल्यावर, मोबाईल बाजूला ठेवून. ‘तुम्ही बहिणीला फसवलंत’ असं म्हणू नका, कारण ठेव दोघांच्या संमतीने तशीच राहिली. ‘आपल्याकडे ताईंचे वीस लाख राहिलेत, ते दिल्याशिवाय मला नवीन घरात पाऊल टाकता येणार नाही’ असं म्हणा. ते चिडतील. मुलीच्या भविष्याचा विषय काढतील. तो विषय खरा आहे, त्याला तुच्छ लेखू नका. तुमच्या पतीने बहिणीला तीन लाख तरी लगेच दिले, म्हणजे त्यांचं मन मुळात द्यायचंच होतं. मधली तीन वर्षं ते मन झोपलं. त्या जुन्या मनाला हाक मारा. स्मरणसभेच्या दिवसाची आठवण करून द्या, आई असत्या तर काय म्हणाल्या असत्या ते विचारा.

नाहीच ऐकलं तर मंडळीतला असा एखादा वडीलधारा माणूस घ्या ज्याचं ते ऐकतात, आणि त्याच्यासमोर पुन्हा बोला. नणंदेला गुपचूप फोन करून भावाविरुद्ध उभं करू नका. आणि कर्जाच्या कागदांवर सहअर्जदार म्हणून तुमची सही लागणार असेल तर ती देऊ नका. शांतपणे, आवाज न चढवता, देऊ नका. तुमच्या पगाराचा तुमच्या हातात राहणारा भाग दर महिन्याला नणंदेच्या खात्यावर पाठवायला सुरुवात करा, आणि पतीला तसं सांगून करा.

ऐकलं तर, आणि मला आशा आहे की ऐकतील, मग हिशेब नीट करा. वीस लाख मुद्दल. तीन वर्षं ते ठेवीत होते, त्यावर आलेलं व्याजही तिचंच, तुम्ही कमावलेलं नाही. लेवीय पुस्तकात शेजाऱ्याचं राखून ठेवलेलं परत करताना पाचवा हिस्सा वर घालून द्यायला सांगितलं आहे, जकातदार जक्कय तर चौपट द्यायला तयार झाला. पाचवा हिस्सा घालायचा की नाही ते तुम्ही दोघं ठरवा, व्याज मात्र धरून द्या. ठेव मुदतीआधी मोडल्यावर बँक जे कापेल ते तुमच्या खिशातून जाऊ द्या. पैसे बँकेतून तिच्या खात्यावरच जमा करा. भावाने बहिणीला दिलेल्या रकमेवर तिला आयकर लागत नाही, त्यामुळे रोखीत द्यायचं किंवा तुकडे करायचं काही कारण नाही.

फोनवर ‘तुला आत्ता लागतील का गं?’ असं विचारू नका. हा प्रश्न ‘नाही’ ऐकण्यासाठीच विचारला जातो, आणि ती बिचारी ‘राहू दे, पोरीचं होऊ दे आधी’ असं म्हणेलही. आधी पैसे जमा होऊ द्या. तिच्या खात्यात असलेले पैसे तिने भाचीसाठी दिले तर ती तिची माया. तुमच्या ठेवीतच अडकलेल्या पैशांवर तिने पाणी सोडलं तर ती नाइलाजाची गोष्ट. मग दोघं मनमाडला जा. मुलीलाही न्या. भावाने बहिणीसमोर बसून तोंडाने म्हणावं की उशीर झाला, चुकलं. उशिराची कारणं सांगत बसू नये. ती कदाचित रडेल, कदाचित मनात साठलेलं काही बोलेलही. बोलू द्या. तीन वर्षं तिने फक्त भाचीचा अभ्यास विचारला, तिलाही बोलायचं असेल.

आणि यानंतर काय होईल? इथे मला फार स्पष्ट राहायचं आहे. असं केलंत तर देव तुम्हाला वर्षभरात दुप्पट देईल, चार बेडरूमचा फ्लॅट मिळेल, असं मी लिहिणार नाही. अशी साक्ष देणारे लोक आपल्याकडे खूप झालेत, आणि त्यांचं ऐकून आज्ञापालन करणारा माणूस मनातल्या मनात व्याजच मोजत असतो. पाथर्डी फाट्याच्याच घरात आणखी दहा वर्षं काढावी लागतील. पाण्याच्या टँकरची वाट बघावी लागेल, मुलीला अभ्यासाला वेगळी खोली मिळणार नाही. नातेवाईक विचारतील, बुकिंगचं काय झालं? तुमच्या पतीला हे सोसायला तुमच्याहून जड जाईल, कारण ते स्वप्न त्यांचं होतं. त्या दिवसांत त्यांना टोमणा मारू नका, ‘बघा, मी म्हणत होते’ तर अजिबात नको. इब्री लोकांस पत्रात लिहिलं आहे की पुत्र असूनही येशूने जे सोसलं त्यातून तो आज्ञाधारकपणा शिकला. गेथशेमाने बागेत त्यानेही आधी मागितलं की प्याला जाऊ दे. म्हणजे सोय हवी वाटणं पाप नव्हे. मला तुमच्या मोठ्या घराच्या इच्छेत काही गैर दिसत नाही. ती इच्छा देवापुढे ठेवा, आणि ती नणंदेच्या पैशांतून पुरी करू नका.

मुलीपासून हे लपवू नका. दहावीतली मुलगी घरातल्या आकड्यांबद्दल आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त ऐकत असते. आत्याचे पैसे घरात होते, ते परत केले आणि म्हणून खोली मिळाली नाही, हे तिला समजावून सांगा. पहिले काही दिवस फुगून बसेल, बसू द्या.

रविवारचं: आजारपण किंवा ड्युटी असेल तर मोबाईलवर ऐका, नसेल तर जा. तुमच्या बाबतीत मला वाटतं की दोन लाखांचं सांगून झाल्यापासून त्या दारातून आत जाणंही जड झालं असावं. पाळकसाहेबांशी बोलून झालं की तो जडपणा पुष्कळ कमी होईल, आणि प्रभुभोजनाच्या रविवारी तरी नक्की जा. आधी मनमाड, मग प्रभुभोजन, असा क्रम जमला तर उत्तम.

मनमाडहून आल्यावर मला पुन्हा लिहा. ताईंनी काय म्हटलं ते मला ऐकायचं आहे, आणि तुमचे पती कसे आहेत तेही.

तुमची ताई